बिनकामाचं पाणी

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र पाठ असतो. पाहिलेला असतोच असं नाही. चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, हे वाक्य आमच्या पिढीनं हाताची घडी घालून, सुरात, खिडकीबाहेर बघत म्हटलेलं आहे. खिडकीबाहेर ज्वारी असायची, ज्वारीपलीकडे कापूस आणि कापसापलीकडे धूळ. गुरुजी फळ्यावर खडूनं एक वेडावाकडा गोल काढायचे, त्याच्याभोवती नागमोडी रेघा ओढायचे आणि तास संपला की डस्टरच्या एका फटक्यात ते बेट बुडायचं. पुढं मराठवाड्यातलीच कितीतरी मुलं शिक्षक झाली आणि न पाहिलेलं बेट त्यांनी पुढच्या पिढीला तितक्याच खात्रीनं शिकवलं. देवळातली आरती जशी मोठ्यांच्या तोंडून लहानांच्या तोंडी जाते, तसा समुद्र आमच्याकडे तोंडी परंपरेनं पोचला आहे.

यात आमचा फार दोष नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्यालाच समुद्र नव्हता. त्याचा धनी जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई. त्याच्या खजिन्यात मोत्यांचे ढीग होते, पण ज्यातून मोती निघतात ते पाणी नव्हतं. शेवटच्या दिवसांत गोव्याचं मुरगाव बंदर तरी पदरात पडावं म्हणून पोर्तुगिजांशी बोलणी करून पाहिली गेली. ती फळली नाहीत. राजालाच जो विकत मिळाला नाही, तो समुद्र रयतेनं पाहायला जायचं म्हणजे रेल्वेचं आरक्षण, गुडघ्यांची प्रकृती आणि नातवंडांच्या परीक्षा हे तिन्ही ग्रह एका रेषेत यावे लागतात.

ते आले निवृत्तीनंतर. आमचा गट लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांचा. कुठल्याशा जुन्या प्रशिक्षण शिबिरात ओळखी झाल्या आणि आता रोज पहाटे मोबाइलवर एकमेकांना सुविचार पाठवून आम्ही त्या टिकवून ठेवल्या आहेत. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून २००९ साली दोन शहरांत जे पेटलं होतं, त्याची धग या गटात अजून शाबूत आहे. त्यामुळं निघायचं कुठून, हाच पहिला पेच. लातूरकर म्हणाले, आमची मुंबई एक्स्प्रेस आहे. नांदेडकर म्हणाले, तुमची कुठं राहिली ती, बिदरला गेली की! (२०१७ मध्ये ही गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा लातुरात आंदोलन झालं होतं. त्या जखमेवर बोट ठेवायला नांदेडकरांना मनापासून आवडतं.) शेवटी नांदेडकरच एस.टी.नं लातूरला आले आणि आल्या आल्या, आमच्याकडे गोदावरी आहे म्हणून आम्हाला पाण्याचं एवढं अप्रूप नाही, असं जाहीर करून मोकळे झाले.

बेत साधा होता. रात्री गाडीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, गेटवेवरून कॅटामराननं मांडव्याला जायचं, तिथून थळ गाठून खांदेरी, मग अलिबागचा कुलाबा किल्ला आणि संध्याकाळी आल्या वाटेनं परत. एका दिवसात दोन बेटं. दिवस ठरवायचं काम भूगोलाच्या सरांकडे दिलं होतं. सरांनी सगळी हयात भरती-ओहोटी शिकवण्यात घालवली होती आणि दोन्हींपैकी एकही पाहिली नव्हती. त्यांनी पंचांग उघडून एकादशी काढली. बायकांनी कपाळाला हात लावला. सहलीच्या दिवशी उपास? कारण विचारलं तर म्हणाले, तिथं गेल्यावर कळेल. शिक्षक निवृत्त झाला तरी उत्तर राखून ठेवायची सवय जात नाही. मग धपाटे आणि कडक भाकरीच्या शेजारी उपासवाल्यांसाठी भगरीचा डबा, शेंगदाण्याचे लाडू असा दुसरा संसार मांडावा लागला.

कॅटामरान म्हणजे काय याबद्दल गाडीत बरेच तर्क लढवले गेले होते. गेटवेच्या धक्क्यावर ती प्रत्यक्ष पाहिली तेव्हा गुंता सुटला. खाली दोन लांबट, अरुंद होड्या आणि वर त्या दोघींना धरून ठेवणारा एकच रुंद मजला. भार दोन्हींकडे वाटला जातो, म्हणून साध्या लाँचपेक्षा ती कमी डुलते. आमच्यातल्या एका शेतकरी गुरुजींनी तिला एका नजरेत ओळखलं. ‘‘बैलजोडी हाय बगा,’’ ते म्हणाले, ‘‘वरचा मजला म्हंजी जू.’’ यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. मग लाइफ जॅकेटं आली. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून ती बुडाली, तेव्हापासून इथं लाइफ जॅकेटची कुणी थट्टा करत नाही. आम्हीही केली नाही. फक्त सगळ्यांनी ती नारिंगी जॅकेटं चढवल्यावर साठी-सत्तरीचा अख्खा गट एकाएकी एका शाळेच्या गणवेशात आला, आणि आजवर दुसऱ्यांच्या गणवेशाची गुंडी तपासणारे हात एकमेकांचे बंद तपासू लागले.

धक्का मागं पडला. बोलणी थांबली. ज्यांनी समुद्र आधी पाहिला होता तेही गप्प झाले, कारण किनाऱ्यावर उभं राहून पाहिलेला समुद्र समोर असतो, आणि हा मागंही होता. बऱ्याच वेळानं लातूरच्या एक बाई हळूच म्हणाल्या, ‘‘एवढं पाणी. अन् एक घोटही कामाचं न्हाई.’’

यात तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता. पाण्याकडे पाहिलं की ते किती दिवस पुरेल हे मनात आपोआप मांडलं जाणं, ही लातूरच्या माणसाची जन्मखूण आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. म्हणजे पाच जणांनी घागरी घेऊन एकत्र उभं राहणं हा गुन्हा. त्या गाडीची लोकांनी वाट पाहिली ती सासरहून येणाऱ्या लेकीची पाहावी तशी. या बाई तेव्हापासून तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत, भाज्या धुतलेलं झाडाला आणि नळाचा शेवटचा थेंब वाटीत धरतात. पुढं मांजरा धरण भरलं, सांडलं, तरी त्यांची वाटी नळाखालून हललेली नाही. कॅटामरानमागं उसळणारा पांढरा फेस त्या अशा काही नजरेनं बघत होत्या की जणू कुणीतरी तोटी उघडी टाकून निघून गेलं आहे.

इतक्यात पक्षी आले. हिवाळ्यात इथल्या बोटींच्या मागं कुरवांचे थवे लागतात. पंख जवळजवळ न हलवता ते आपल्या डोळ्यांच्या पातळीवर तरंगत राहतात आणि सरळ आपल्याकडे बघतात, शेवटच्या बाकावरचा मुलगा डब्याकडे बघतो तसे. त्यांना तळकट पदार्थ भरवू नयेत हे आम्ही परिसर अभ्यासात शिकवलं आहे, आणि तरी कुणाच्या तरी हातातून धपाट्याचा तुकडा सुटलाच. तो पाण्याला टेकायच्या आत नाहीसा झाला. भूगोलाच्या सरांना राहवेना. म्हणाले, यातले तपकिरी डोक्याचे जे आहेत ते लडाख-तिबेटच्या उंच पठारावरच्या तळ्यांकाठी जन्मतात आणि थंडीत समुद्रावर येतात. बैलजोडीवाल्या गुरुजींनी लगेच अर्धा धपाटा तोडला. ‘‘म्हंजी आपल्यासारखेच. पठारावरचे. समुद्र बघायला आल्यात.’’ पुढचा प्रवास पाहुणचारात गेला.

पलीकडच्या कठड्याशी नांदेडच्या एक अक्का पदराची गाठ सोडून नाणं काढत होत्या. गाडी गोदावरीच्या पुलावर आली की खिडकीतून नाणं टाकायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. आज गोदावरी नाही, पण गोदावरीचं घर तरी असेल, या भावनेनं त्यांनी नाणं कपाळाला लावलं आणि सरांना विचारलं, ‘‘आपली गंगा इथंच येऊन मिळती न्हवं?’’

सरांना खोटं बोलता आलं असतं. पण तीस वर्षं नकाशा भिंतीला टांगलेल्या माणसाला ते जमत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते, ते म्हणाले, तिथून हा समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ती याच्याकडे पाठ फिरवून निघते आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. लातूरची मांजरा पाटोद्याच्या डोंगरात निघते, तीही कर्नाटक-तेलंगणात वळसा घालून शेवटी गोदावरीतच जाते. आपल्याकडच्या पाण्याचा एक थेंबसुद्धा या बाजूला येत नाही. अक्कांचं नाणं हातातच राहिलं. ‘‘मग यो आपला कोण?’’

‘‘पावसाळ्यात आपल्याकडे येणारे ढग बरेचसे इथून निघतात,’’ सर म्हणाले. ‘‘सह्याद्रीवर ते पुष्कळ रिकामे होतात. उरलंसुरलं आपल्याला. कधी बंगालच्या उपसागराकडून कमी दाबाचा पट्टा आला तर तिकडून थोडी भर पडते.’’

अक्का विचारात पडल्या. ‘‘म्हंजी आपण ह्याला कायच देत न्हाई, तरी ह्यो धाडतो.’’

‘‘थोडंसं.’’

‘‘थोडं का असंना,’’ म्हणाल्या, आणि नाणं पाण्यात सोडून त्यांनी दोन्ही हात जोडले. पावसाची मनीऑर्डर उशिरा का होईना पाठवणाऱ्या दूरच्या नातेवाइकाला भेटायला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला वाटतं, त्या क्षणापासून आमच्या गटाचं वागणं बदललं. तोवर आम्ही देखावा बघायला आलो होतो. आता जरा पदर सावरून, बूट नीट करून बसलो.

मांडव्याला उतरल्यावर तिकिटातच धरलेली बस मिळते. तिनं अलिबागच्या वाटेला लागून मध्येच उतरलो आणि रिक्षांनी थळच्या बंदरावर गेलो. खांदेरीला जाणारी होडी मात्र बैलजोडी नव्हती. साधी कोळ्यांची, एका तळाची, पाण्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावणारी. सगळे एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणू लागले. तेव्हा सकाळपासून फारसं न बोललेल्या मुखेडच्या बाई पुढं झाल्या, साडी खोचून आधी उतरल्या आणि वर्गावर आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मधोमध बसा. उभं राहायचं नाही. दोघांनी एका बाजूला वाकायचं नाही. पिशवी मांडीवर, हात रिकामे.’’ आम्ही निमूट बसलो. नाखवासुद्धा त्यांच्याकडे कौतुकानं बघू लागला. कुठं शिकलात, असं कुणीतरी विचारलं.

‘‘ऑगस्टात,’’ त्या म्हणाल्या.

मग कुणी काही विचारलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या काही गावांना एका रात्रीत पाण्यानं वेढलं होतं. माणसं काढायला बचाव पथकं होड्या घेऊन आली, लष्कराला बोलवावं लागलं. सप्टेंबरात तर मराठवाड्यात नदीकाठची किती गावं आणि किती शिवारं पाण्यात उभी होती! चारही बाजूंनी पाणी असलेला भूभाग. फळ्यावरचं ते वाक्य आमच्या दारात येऊन उभं राहिलं होतं आणि त्याला पुसायला डस्टर नव्हतं. ज्या मराठवाड्यानं पाण्याची रेल्वे पाहिली, त्यानंच नऊ वर्षांत गल्लीत आलेली होडी पाहिली. पाण्याशी आमचं नातं असं आहे, त्याला मध्यम प्रतीचं वागणं जमतच नाही. होडी चालू लागल्यावर अक्कांनी मुखेडच्या बाईंच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. पिशवी जड नव्हती.

खांदेरी म्हणजे दोन टेकड्या आणि त्यांच्यामधल्या खोबणीत होड्यांना आसरा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथं किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी कामावर होते, दौलतखान आरमार घेऊन पाठीशी होता, आणि समोर मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली होती. इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री त्यांच्यामधून सामान घेऊन निसटत राहिल्या. किल्ला उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत हाही आहे. इतिहासाच्या बाईंनी हे सगळं उन्हात उभं राहून सांगितलं. आम्ही ऐकलं, पण आमचं लक्ष दुसरीकडे होतं, हे कबूल करायला हवं. वेतोबाच्या देवळापलीकडे, दीपगृहाच्या वाटेवर एक मोठा पाषाण आहे. त्याच्यावर दगडानं ठोकलं की धातूचा आवाज येतो, खणखणीत.

आता, निवृत्त शिक्षकांच्या गटासमोर असा दगड ठेवू नये. पहिला ठोका पडला आणि पुढं निघालेले चार जण जागीच थबकले. दुसरा पडला तेव्हा मागं रेंगाळणाऱ्यांची पावलं आपोआप झपझप पडू लागली. कुणीतरी लागोपाठ ठोके दिले, आणि ‘‘सुटली!’’ म्हणून एक वयस्क मुख्याध्यापक इतक्या मोकळेपणी ओरडले की दीपगृहाकडचा माणूस बाहेर येऊन बघू लागला. हा दीपस्तंभ १८६७ पासून जहाजांना वाट दाखवतो आहे. शाळा सुटलेली त्यानं बहुधा प्रथमच पाहिली. मग प्रत्येकाला आपापला तास द्यायचा होता. रांग लागली, रांगेत ढकलाढकली झाली, आणि ती मोडून काढायला कुणीच शिक्षक उरला नव्हता.

अलिबागला पोचलो तेव्हा अडीच वाजत आले होते आणि समुद्र घरी नव्हता. किनाऱ्यापासून कुलाब्याच्या दरवाजापर्यंत ओली, चमकती वाळू पसरली होती, तिच्यावरून घोडागाड्या चालल्या होत्या. सकाळी जे बेट होतं ते आता शेजारचं गाव झालं होतं. सरांनी चप्पल हातात घेतली आणि एकादशीचं कोडं सोडवलं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ येते. समुद्रकाठच्या माणसांचा हा जुना पाढा. अकराला तीननं गुणून चारनं भागलं की सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, म्हणून दुपारी अडीचच्या सुमाराला ओहोटी. वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून दाखवलेली गोष्ट पायांखाली बघताना सरांचा चेहरा कसा झाला, ते मी सांगणार नाही. एवढंच की ते सगळ्यांत पुढं चालत होते आणि मागं वळून बघत नव्हते.

लातूरकरांना मात्र ओहोटीत वेगळंच काही दिसलं. ‘‘म्हणजे हा रोज दोनदा येतो?’’ एकानं विचारलं. दोनदा. ‘‘वेळेवर?’’ वेळेवर, रोज पाऊण तास उशिरा, पण तोही उशीर ठरलेला. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दिवस काढलेला तो माणूस बराच वेळ क्षितिजाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘खारा हाय, पण शिस्तीचा हाय.’’

किल्ल्यात गणपतीचं आंग्रेकालीन देऊळ आहे, त्यापुढं तळं आहे आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. समुद्राच्या कुशीत गोडं पाणी, म्हटल्यावर देवदर्शन थोडक्यात आटोपून सगळा मराठवाडा विहिरीच्या काठावर गोळा झाला. आत डोकावून पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच: ‘‘किती परस?’’ आमच्याकडे सातशे-आठशे फूट बोअर मारून धूळ निघते. इथं चहूकडून खारं पाणी दाबत असताना हाताच्या अंतरावर गोडं. सरांनी सांगितलं, पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. लहान बेटांवर ते जमिनीत मुरून खाऱ्या पाण्याच्या वरच राहतं, आणि जपून उपसलं तर टिकतं. हावरटपणा केला की खालचं वर येतं. हे शेवटचं वाक्य ऐकून आमच्याकडचे दोन ऊसवाले एकदम देवळाच्या नक्षीकामाकडे बघू लागले. तांदळाचं पाणी जपणाऱ्या बाई मात्र विहिरीपाशीच बसून राहिल्या. सकाळपासून त्यांना या समुद्रात कामाचं काही सापडलं नव्हतं, ते आता सापडलं होतं. पाच वाजायच्या आत परतायचं, नाहीतर भरती वाट अडवते, म्हणून त्यांना हात धरून उठवावं लागलं.

संध्याकाळची कॅटामरान, रात्रीची गाडी, आणि गाडीत पुन्हा आयुक्तालय. तो वाद कुर्ल्यापर्यंत पोचायच्या आत सुरू झाला, पण पाण्याच्या मुद्द्यावर या वेळी कुणी बढाई मारली नाही, हे नोंदवून ठेवतो.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. गेटवे-मांडवा बोटी साधारण मेच्या अखेरीस बंद होतात आणि ऑगस्ट सरेपर्यंत बंदच राहतात. समुद्र आपल्याकडे यायला निघतो त्या दिवसांत या बोटींनी त्याच्याकडे जायची सोय नाही. कुलाब्याला पायी जायचं तर आधी पंचांग बघा, तिथीची भरती काढा, तिच्यात सहा तास मिळवा आणि ओहोटीच्या थोडं आधी वाळूत उतरा. एकादशी सोयीची पडते. उपासाचं मात्र घरूनच न्या.